पापणी टेकत नाही

डोळे कोरडे पडलेत असं कुणी म्हणालं की आपल्याकडे पहिली चौकशी थेंबांची होते. कुठले घालतेस, दिवसातून किती वेळा, बाटली कितीला पडते. माझ्या पर्समध्ये एक बाटली, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये एक, देवघराशेजारच्या फळीवर एक आणि एक फ्रिजच्या दारात लिंबांच्या शेजारी. कोरडं आहे ना, मग ओलं करा. हा हिशेब इतका सरळ वाटतो की त्यावर कुणी दुसऱ्यांदा विचारच करत नाही. मान मागे टाकायची, दोन थेंब सोडायचे, त्यातला दीड गालावरून ओघळतो तो पदराने टिपायचा. अर्धा तास बरं वाटतं, मग परत तीच चुरचुर.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या आडत दुकानात हिशेब बघते. सकाळी टॅली उघडलं की शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्या, व्यापाऱ्यांची बिलं, जीएसटी, या सगळ्यात संध्याकाळपर्यंत तोंड स्क्रीनकडेच. फेब्रुवारी-मार्चात नवी हळद आली की पोती फुटतात, ढीग ओतले जातात आणि पिवळी धूळ पत्र्यापर्यंत चढते. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा दुकानात पेढे वाटले होते, पण धुळीला काही मानांकनाचं कळत नाही. त्या दिवसांत यार्डात सगळेच डोळे चोळत फिरतात. त्यामुळे माझ्या डोळ्यांचं खापर बरीच वर्षं हळदीवर फुटलं. मग लक्षात यायला लागलं की भर श्रावणात, कृष्णा दुथडी भरून वाहत असताना, हवा चिकट ओली असतानाही डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपतंय. तेव्हा मात्र मिरजेला दाखवायचं ठरवलं. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. सांगलीतल्या माणसाचं दुखणं जरा लांबलं की घरातलं कुणीतरी ‘मिरजेला दाखवून येऊ’ म्हणतंच.

तिथल्या डॉक्टरांनी आधी एक गाळणकागदाची बारीक पट्टी घेतली, तिचं टोक दुमडून खालच्या पापणीच्या आत अडकवलं आणि पाच मिनिटं बसवून ठेवलं. ओटो शिर्मर नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १९०३ मध्ये ही तपासणी सांगितली, आणि इतकी यंत्रं आली तरी ती अजून चालते. पट्टी किती मिलिमीटर भिजली ते बघायचं. पाचच्याही आत राहिली तर डोळ्यात पाण्याचा खरा दुष्काळ, दहाच्या वर गेली तर ठीक. माझी वीसच्या पुढे गेली. इतके दिवस ज्या पाण्यासाठी बाटल्या रिकाम्या केल्या ते घरात मुबलक होतं.

‘‘पाणी भरपूर आहे तुमच्याकडे. पसरत नाही आणि टिकत नाही,’’ डॉक्टर म्हणाल्या.

मग रंगाची तपासणी. केशरी रंगाची पट्टी ओली करून डोळ्याला टेकवली, खोलीतला दिवा घालवला, निळा प्रकाश टाकला. ‘‘आता पापणी लववू नका.’’ समोरच्या पडद्यावर माझाच डोळा हिरवा चमकत होता. त्या हिरव्या थरात काळे डाग पडायला लागले की थर फाटला असं धरायचं. दहा सेकंदांच्या आत फाटणं बरं नाही. माझा चौथ्याला फाटला. पण मला जास्त लागलं ते पुढचं. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात बारीक हिरव्या ठिपक्यांचा एक आडवा पट्टा होता. वरचा भाग साफ. डॉक्टरांनी समोरच्या चित्रावर पेन्सिलीने रेघ दाखवली. ‘‘तुमची पापणी इथवर येते आणि परत जाते. खाली टेकत नाही. हा पट्टा दिवसभर उघडा पडतो.’’

डोळ्यावरचं पाणी म्हणजे नुसतं पाणी नसतं. जेमतेम तीन मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातल्या तीन भागांएवढा तो थर. त्यात बुबुळाला चिकटून राहायला चिकट द्रव्य असतं, मध्ये पाणी, आणि सगळ्यात वर तेलाचा अतिशय पातळ पापुद्रा. तो पापुद्रा पाण्याला उडू देत नाही. हे तेल येतं पापणीच्या काठातून. वरच्या पापणीत २५ ते ४० आणि खालच्या पापणीत २० ते ३० ग्रंथी उभ्या ओळीत असतात, त्यांची तोंडं पापणीच्या केसांच्या लगेच मागे उघडतात. हाइनरिख माइबोम नावाच्या जर्मन वैद्याने १६६६ मध्ये त्यांचं वर्णन लिहिलं, म्हणून त्या माइबोमियन ग्रंथी. सोळाशे सहासष्ट, म्हणजे शिवाजी महाराज आग्र्याहून सुटले ते वर्ष. हा निव्वळ योगायोग, पण सालं लक्षात ठेवायला मला असा काहीतरी खुंटा लागतो.

तर या ग्रंथी आपणहून तेल सोडत बसत नाहीत. पापणी मिटते तेव्हा तिच्यातल्या स्नायूचा दाब पडतो आणि थोडं तेल काठावर येतं. वरची पापणी खालच्या पापणीला टेकते, तिथलं तेल आणि पाणी उचलते आणि वर जाताना सगळीकडे सारखं ओढत नेते. आजोळी शेणाने जमीन सारवताना पाहिलेलं ज्यांना आठवतं त्यांना हे लगेच कळेल. बादलीभर काला कालवून ठेवला म्हणून जमीन सारवली जात नाही, हात भिंतीच्या कडेपर्यंत फिरावा लागतो. जिथे हात पोचला नाही तिथे दुसऱ्या दिवशी भेग. मी बादलीत पाणी ओतत होते आणि हात कडेपर्यंत जातच नव्हता.

पापणी लवणं ही म्हटलं तर किती साधी गोष्ट. ‘पापणी लवते न लवते तोच’ म्हणतो आपण, इतकं ते क्षुल्लक. सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाएवढा वेळ. मिटायला डोळ्याभोवतीचा गोल स्नायू, त्याला हुकूम देणारी मेंदूची सातवी नस. उघडायला वेगळा स्नायू आणि तिसरी नस. मिटणं बाहेरच्या कोपऱ्याकडून नाकाकडे सरकत येतं आणि जुनं पाणी आतल्या कोपऱ्यातल्या बारीक छिद्रांकडे ढकलतं. तिथून ते नाकात उतरतं, म्हणून थेंब घातल्यावर घशात कडू लागतं. मिनिटाला पंधरा धरले तरी जागेपणीच्या सोळा तासांत १४,४०० वेळा हे घडतं. चौदा हजारांतले निम्मे अर्धवट झाले तर संध्याकाळी डोळ्याचं काय होत असेल?

डॉक्टरांनी सांगितलं ते पटलं होतं, तरी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय माझ्यातल्या हिशेबनीसाचं समाधान होत नाही. घरी लेकीने मोबाइल लॅपटॉपच्या शेजारी टेकवून ठेवला आणि स्लो मोशनमध्ये माझं चित्रण केलं. ‘‘आई, तू आपली नेहमीसारखी कामाला लाग, कॅमेऱ्याकडे बघू नको.’’ मी बँकेचं विवरण जुळवायला घेतलं. नंतर दोघी डोकं लावून बघत बसलो. पापणी निघते, जड पावलांनी खाली येते, बुबुळाच्या मध्याच्या जरा खाली पोचते आणि तिथूनच फिरते. खाली पाणीदार रेघ चमकत राहते, तिला कुणी शिवतच नाही. परत तेच. परत तेच. मध्येच एकदा बाहेर कुकरची शिट्टी झाली, मी मान वळवली, आणि त्या एका वेळी दोन्ही पापण्या पुऱ्या मिटल्या. वरचे केस खालच्या केसांत गुंतले, खालच्या काठावर बारीक सुरकुती पडली आणि डोळा उघडला तेव्हा तो नुकता धुतलेला दिसत होता. ‘‘आई, कुकर तुझा डोळ्यांचा डॉक्टर आहे,’’ लेक म्हणाली.

माझं मत असं आहे की कोरड्या डोळ्यांच्या प्रत्येक माणसाने असं एकदा स्वतःला बघावं. कुठल्याही रिपोर्टापेक्षा ते जास्त बोलतं. पापण्या जास्त वेळा मिटा, असा सल्ला वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांमधून नेहमी मिळतो. पण अर्धी पापणी दुप्पट वेळा हलवली तर खालचा पट्टा उघडाच राहणार. मोजणीपेक्षा टेकणं महत्त्वाचं, हे त्या पुरवण्यांत मला कधी वाचायला मिळालं नाही.

मोजणीचीही एक गंमत आहे म्हणा. १९९७ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी दीडशे निरोगी माणसांच्या पापण्यांची उघडझाप मोजली. नुसतं बसलेलं असताना मिनिटाला सरासरी १७, गप्पा मारताना २६, आणि वाचताना साडेचारच्या आसपास. म्हणजे दुपारी चहाच्या गाड्यावर जाऊन बाजारभावावर अर्धा तास वाद घालणारे आमचे हमाल आणि दलाल डोळ्यांचं भलंच करत असतात, आणि आत बसून मुकाट्याने आकडे बघणारी मी नुकसान. हे मी दुकानात सांगितल्यावर चहाच्या फेऱ्या वाढल्या.

लक्ष लागलं की पापणी थांबते, कारण पाहण्यात खंड पडलेला मेंदूला नको असतो. जपानमधल्या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवलं की एकच चित्रफीत बघणारी वेगवेगळी माणसं बरेचदा एकाच वेळी पापणी मिटतात, प्रसंग संपतो तिथे, काही चुकणार नाही अशा जागी. मला हे वाचून भावे नाट्यमंदिर आठवलं. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीच्या राजवाड्यात पहिलं नाटक उभं केलं, तेव्हापासून या गावाला रंगमंचाकडे टक लावून बसायची सवय. अंधारात बसलेले सातआठशे लोक प्रवेश संपताना एकदमच पापण्या टेकत असतील, आणि हे त्यांच्यातल्या कुणालाही माहीत नसेल. नाटकाला निदान प्रवेश संपतात, मध्यंतर असतं. टॅलीला नाही. रकान्याखाली रकाना येतच राहतो, काही चुकणार नाही अशी जागाच नाही.

टक लावणं हा तसा आपल्याकडे गुण मानतात. स्वयंवरात पाच नळ समोर उभे राहिले तेव्हा दमयंतीने खरा कसा ओळखला? देवांना घाम येत नाही, त्यांच्या माळा कोमेजत नाहीत, पाय जमिनीला लागत नाहीत आणि पापण्या लवत नाहीत. पापणी लवली तो माणूस, त्याच्या गळ्यात माळ. आम्ही मात्र एक्सेलसमोर देव व्हायला बघतो.

पापणी मिटलीच नाही तर काय होतं ते मी आत्याच्या घरी पाहिलं होतं. आत्या हरिपूरला असते, संगमेश्वराच्या देवळाच्या बाजूला. एका सकाळी चूळ भरताना पाणी तोंडाच्या एकाच बाजूने सांडलं, आरशात बघते तर चेहरा एकीकडे ओढलेला. ‘तोंडावरून वारं गेलं’ म्हणतात ते. सातव्या नसेची ही सूज, स्कॉटिश शल्यवैद्य चार्ल्स बेल यांच्या नावाने ओळखली जाते. पक्षाघाताची शंका काढून टाकायला तातडीने दवाखाना गाठावा लागतो, तसा गाठला. गावातला जो येईल तो तिच्या वाकड्या ओठाकडे बघून हळहळायचा. डॉक्टर मात्र डोळ्याकडे बघत होते. उघडा राहिलेला डोळा सुकतो, बुबुळावर जखम होते, आणि ओठ पुढे सरळ झाला तरी ती जखम नजर घेऊन जाऊ शकते. दिवसा थेंब, रात्री मलम, आणि झोपताना पापणीवर चिकटपट्टी. आत्या डोळा मिटायचा प्रयत्न करायची तेव्हा पापणी जागीच राहायची आणि बुबुळ वर जाऊन पांढरं दिसायचं. पोरं घाबरायची. खरं तर ती शरीराने केलेली सोय आहे. मिटताना बुबुळ वर जाऊन लपतं, ही आपल्या बहुतेकांच्या बाबतीत रोजचीच गोष्ट, फक्त बंद पापणीआड घडत असल्यामुळे दिसत नाही.

‘‘डोळा उघडा ठेवायला काय लागत न्हाय गं, मिटायला लागतंय,’’ आत्या म्हणायची. शास्त्र याच्या उलट सांगेल, उघडा ठेवायलाही एक स्नायू दिवसभर राबत असतो. पण चिकटपट्टी लावून झोपणाऱ्या बाईशी शास्त्रावरून कोण वाद घालणार. बहुतेकांचं होतं तसं काही महिन्यांत तिचं सुधारलं. अजून दमली की त्या बाजूची पापणी जरा मागे राहते, ते तिला कळत नाही, मला दिसतं. आता मी सगळ्यांच्याच पापण्या बघत बसते, हा एक नवाच रोग जडलाय.

त्या रोगापायीच मिरजेतला प्रसंग माझ्या लक्षात राहिला. लेक गाणं शिकते, तिच्या तानपुऱ्याची जवारी काढून आणायला, म्हणजे तारा नीट झंकाराव्यात म्हणून त्यांच्याखालची घोडी घासून आणायला, सतारमेकर गल्लीत गेलो होतो. मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांना अलीकडेच भौगोलिक मानांकन मिळालंय, पण चाचांच्या दुकानात त्याची काही पाटी नव्हती. भोपळे टांगलेले, लाकडाचा भुसा, आणि खिडकीशी मांडी घालून बसलेले चाचा. घोडीच्या पृष्ठभागावर कानस अशी फिरवत होते की तिचा आवाजही येऊ नये. केसभर जास्त घासलं तर सगळं वाया. इतका वेळ त्यांनी पापणी मिटली नाही की मलाच डोळे चोळावेसे वाटले. मग कानस बाजूला ठेवली, फुंकर मारली, तार बसवली, दोरा सरकवला आणि तार छेडली. छेडल्याबरोबर दोन्ही डोळे मिटले. पूर्ण, अगदी सैल. तारेचा झंकार विरेपर्यंत तसेच. मग उघडले, पुन्हा कानस. पुन्हा तार, पुन्हा डोळे मिटलेले.

‘‘चाचा, डोळे दुखत नाहीत?’’

‘‘डोळे कशाला दुखतील? चष्मा लागलाय फक्त.’’

‘‘तार छेडली की मिटता ते?’’

‘‘मिटल्याशिवाय जवारी ऐकायलाच येत नाय ओ,’’ ते म्हणाले, आणि अशा बाईला काय समजवायचं अशा नजरेने लेकीकडे बघून हसले. डॉक्टरांनी मला जो व्यायाम लिहून दिला होता, हळू मिटा, दोनेक सेकंद थांबा, मिटलेले असतानाच जरा दाबा, मग उघडा, तोच हा माणूस पोटापाण्याच्या कामात कुणी न सांगता करत होता. एका चाचांवरून नियम काढता येणार नाही हे मला कळतं. पण बारीक नजरेच्या कामातच डोळे मिटायची जागा असली तर किती बरं, हे तिथे दिसलं. माझ्या कामात ती नाही. मला ती मुद्दाम करावी लागते. एक हिशेबपट्टी छापायला दिली की प्रिंटर घरघरेपर्यंत डोळे मिटायचे, असा आता रिवाज पडलाय.

दुकानाचे मालक अण्णा, वयाने सत्तरीपुढचे. पहिल्यांदा त्यांनी मला तशी पाहिली तेव्हा दारातूनच म्हणाले, ‘‘काय ओ ताई, बसल्या जागी झोप लागली व्हय?’’ सगळं सांगितल्यावर मात्र त्यांनीच पोराला हाक मारून माझ्या मॉनिटरखालच्या जुन्या खतावण्या काढायला लावल्या. खतावण्यांच्या थप्पीवर मॉनिटर ठेवला की वर बघावं लागतं, डोळे सताड उघडतात आणि उघडा पृष्ठभाग वाढतो. स्क्रीन नजरेच्या खाली असली की वरची पापणी आपोआप अर्धी उतरलेली राहते, पाणी कमी उडतं. याला खर्च शून्य. डोक्यावरच्या पंख्याची दिशाही तेव्हाच बदलली.

खरी चिकाटी लागते ती शेकायला. डॉक्टरांनी खालच्या पापणीचा काठ बोटाने दाबून पडद्यावर दाखवला होता. निरोगी ग्रंथीतून तेल पातळ, नितळ येतं. माझ्या ग्रंथींतून आधी काहीच आलं नाही आणि मग पांढरट, थिजलेलं, घट्ट काहीतरी वर आलं. पापणी पुरती मिटत नाही म्हणून तेल बाहेर पडत नाही, पडत नाही म्हणून थिजतं, थिजल्याने तोंडं बुजतात, आणि बराच काळ बुजलेली ग्रंथी शेवटी आक्रसून जाते ती परत येत नाही. म्हणून वेळेत हात घालायचा. चाळीस अंशांच्या आसपासचा शेक, पाच ते दहा मिनिटं. गरम पाण्यात पिळलेला रुमाल दोन मिनिटांत गार होतो, तो सारखा बदलत राहावा लागतो, आणि कडकडीत लावला तर पापणीची कातडी भाजते, म्हणून आधी मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून बघायचा. मग वरच्या पापणीला वरून खाली, खालच्या पापणीला खालून वर, असं केसांच्या दिशेने बोट फिरवायचं. केसांच्या मुळाशी कोंडा असेल तर तो पुसायचा. आणि लगेच व्यायामाचे दहाबारा पुरे मिटणे, म्हणजे वितळलेलं तेल जागेवर पोचतं. पहिले काही आठवडे काहीही फरक वाटत नाही, आणि बहुतेकजण तिथेच सोडून देतात असं डॉक्टर म्हणाल्या. सूज जास्त असेल तर गोळ्या किंवा मलम त्यांचे ते ठरवतात.

काजळाचा विषय घरात अवघड झाला. सासूबाई एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याचं ताट पालथं घालून काजळ धरतात, तुपात खलतात. घरचं, शुद्ध. पण आपण काजळाची रेघ जिथे ओढतो, पापणीच्या ओल्या काठावर, बरोब्बर तिथेच त्या ग्रंथींची तोंडं आहेत. शुद्ध असो की विकतचं, बूच ते बूच. ‘‘आम्ही जन्मभर घातलं, आमचे डोळे गेले काय?’’ हा सासूबाईंचा सवाल रास्त आहे. त्यांचे डोळे उत्तम आहेत. पण त्या बोलतात भरपूर, आणि पापण्या टेकतात पुऱ्या, मी बघितलंय. शेवटी काजळ केसांच्या बाहेरून लावायचं, आत नाही, इतक्यावर तह झाला.

रात्रीचा प्रश्न डॉक्टरांनी विचारला तेव्हा उत्तर नवऱ्याने दिलं. ‘‘ही झोपेत डोळे किलकिले ठेवते. मला वाटायचं माझ्यावर लक्ष ठेवून असते.’’ सकाळी उठल्या उठल्या त्रास सगळ्यात जास्त असेल तर झोपेत पापणी उघडी राहते का किंवा पापणीच्या काठाला सूज आहे का ते बघायचं. संध्याकाळकडे वाढत जात असेल तर दिवसाची उघडझाप आणि तेल. माझ्याकडे दोन्हीचं थोडं थोडं होतं. झोपताना जाड मलमाची एक रेघ, आणि पंख्याचा झोत तोंडावर नाही.

एवढं सगळं झाल्यावर थेंबांना नावं ठेवायचा मोह होतो, तो मी आवरते. ज्यांची पट्टी खरंच कोरडी राहते त्यांना थेंब लागतातच. स्वीडनमधले डॉक्टर हेन्रिक श्योग्रेन यांनी १९३३ मध्ये ज्या आजाराचं सविस्तर वर्णन केलं त्यात शरीर स्वतःच्याच अश्रुग्रंथींवर उलटतं, तोंडही कोरडं पडतं, सांधे दुखतात. तिथे पापण्यांच्या व्यायामावर भागत नाही. पाणी वाहून जाऊ नये म्हणून कोपऱ्यातल्या छिद्रांना बारीक बुचं बसवतात, वेगळी औषधं देतात. सर्दीच्या काही गोळ्यांनीही डोळे सुकतात, मधुमेहात बुबुळाची संवेदना बोथट होते आणि पापणीला मिटायची आठवणच कमी येते. माझं म्हणणं इतकंच की थेंबाला त्याच्या मापात ठेवावं. डोळ्यात एका वेळी पाणी असतं सात मायक्रोलिटरच्या आसपास, आणि बाटलीतून पडणारा एक थेंब तीस ते पन्नासचा. एकच पुरून उरतो, दुसरा पदरासाठी. दिवसातून चारपाच वेळांहून जास्त घालायचे असतील तर टिकाऊपणासाठी रसायन न घातलेले मागायचे, कारण बेन्झाल्कोनियम क्लोराइडसारखं टिकाऊपणाचं द्रव्य वरचेवर डोळ्यात गेल्याने पृष्ठभाग आणखी चिडतो. फ्रिजमधली बाटली अजून आहे. पूर्वी ती महिनाभरही पुरत नव्हती, आता उघडल्याची तारीख उलटून गेली म्हणून टाकावी लागते.

मागच्या तपासणीत तो हिरवा पट्टा फिकट झाला होता आणि थर आठ सेकंद टिकला. दहा झाला नाही. डॉक्टर म्हणाल्या, चालू ठेवा, हे बरं होऊन संपणारं नाही, ताब्यात राहणारं आहे.

या सगळ्यात अण्णांना स्वतःच्या डोळ्यांची काळजी लागली. त्यांच्या डाव्या डोळ्यातून सारखं पाणी येतं, उपरण्याचं एक टोक कायम ओलं. ‘‘माझ्या डोळ्याला धार लागलीया आणि तुम्ही म्हणताय कोरडा असंल?’’ कोरड्या डोळ्याला पाणी येतं, ते तर फार जुनं कोडं. पृष्ठभाग सुकून टोचला की मुख्य अश्रुग्रंथी घाबरून एकदम पाणी सोडते, त्यात तेल नसतं, ते टिकत नाही, वाहून जातं. म्हणून त्यांनाही मिरजेला पाठवलं. निघालं वेगळंच, पण पापणीचंच. डॉक्टरांनी त्यांची खालची पापणी बोटाने खाली ओढून सोडली. ती चटकन डोळ्याला चिकटायला हवी. अण्णांची तशीच लोंबत राहिली, पापणी मिटली तेव्हा कुठे जागेवर गेली. वयाने कातडी आणि स्नायूबंध सैल पडलेत, काठ किंचित बाहेर वळलाय, त्यामुळे पाणी नाकाकडे नेणारं छिद्र डोळ्याला टेकतच नाही आणि सगळं गालावर येतं. थेंबांचा उपयोग थोडाफार, खरा इलाज म्हणजे पापणी घट्ट करायची छोटी शस्त्रक्रिया, जागा बधिर करून.

अण्णा परत आले ते चिठ्ठी माझ्या टेबलावर ठेवून पोत्यांच्या ढिगाकडे गेले. राजापुरी हळदीचा सौदा निघायचा होता. एक कांडी मोडून वास घेतला, उपरण्याने डोळा टिपला आणि तिथूनच ओरडून म्हणाले, ‘‘ताई, त्या बाईंना फोन लावा आन् इचारा, टाके किती दिवसांनी काढत्यात. सीझन मेपातूर हाय, धुळीत टाके घेऊन बसायचं न्हाई मला.’’